ऑर्केस्ट्रा की बरोक? व्हायोलिन घेऊन अमेरिकेतल्या कॉलेजात जाणाऱ्यांसाठी

संगीत विभाग बऱ्यापैकी मोठा असेल तर व्हायोलिन वाजवणाऱ्याला दोन ठिकाणी जागा असते: सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि बरोक एन्सांबल. बरोक म्हणजे साधारण 1600 ते 1750 या काळातलं संगीत, शक्यतो त्याच काळच्या वाद्यांवर आणि रीतीने वाजवणारा छोटा गट. अभ्यास सांभाळून दोन्ही निभावणं कठीण. मी आधी एक, मग दुसरं केलं.

आधी ऑर्केस्ट्रा. ब्राम्सच्या सिम्फनीत सत्तर-ऐंशी जणांच्या मधोमध बसलेले असताना मागून हॉर्न उठतात तेव्हा अंगावर काटा येतो. दहा-बारा जणांच्या बरोक गटात हे सुख नाही. पुढे ऑर्केस्ट्रातच नोकरी करायची असेल तर फार विचार करू नका. ऑडिशनला श्ट्राउसच्या 'डॉन जुआन'चं पहिलं पान, शूमानच्या दुसऱ्या सिम्फनीतलं स्केर्ट्सो (जलद गतीचा भाग) असले उतारे हमखास मागतात. ती सवय ऑर्केस्ट्रातच लागते.

पण तिथे गज कुठे वर, कुठे खाली, हे पहिल्या खुर्चीवरचा वादक ठरवतो आणि लय कंडक्टर. बरोकमध्ये बहुतेकदा कंडक्टर नसतो. एकमेकांच्या श्वासाकडे पाहून सुरुवात करायची. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं पट्ट्यांचं वाद्य. ते वाजवणाऱ्यासमोर डाव्या हाताची एकच ओळ आणि तिच्याखाली 6, 7 असे आकडे असतात. बाकीचे स्वर तो जागच्या जागी भरतो.

आपली परीक्षा होते ती कोरेल्ली या बरोक काळातल्या इटालियन व्हायोलिनवादक-संगीतकाराच्या संगीतात. त्याचे व्हायोलिन सोनाटा 1700 साली छापले गेले. संथ भाग उघडला तर पानावर लांब, साधे स्वर, दोन मिनिटांत वाचून होतील असे. 1710 च्या सुमारास अॅमस्टरडॅमच्या एका प्रकाशकाने त्याच स्वरांच्या वर दुसरी ओळ छापली, कोरेल्ली स्वतः असं वाजवत असे, असा दावा करून. तिथे एकेका स्वरातून वीस-वीस स्वरांच्या लडी निघतात. बंदिशीची वही आणि प्रत्यक्ष गाणं यांत जेवढं अंतर, तेवढंच हे. लहानपणी घरी गाणं ऐकलेल्या माणसाला इथे फार लवकर आपलंसं वाटतं.

स्वरांचंही तसंच. ऑर्केस्ट्रात 'ए' हा स्वर 440 हर्ट्झला लावतात, बरोकमध्ये सहसा 415 ला, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली. त्याहून महत्त्वाचा आहे गंधार. पियानोचा गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे 100 सेंट). हार्पसिकॉर्ड मीनटोन या जुन्या पद्धतीने लावला की तो शांत, खरा गंधार मिळतो. त्याची किंमत म्हणून काही दूरच्या पट्ट्या बेसूर होतात. मला ती किंमत मंजूर आहे.

त्रासही सांगतो. तारा तातीच्या, सारंगीला असतात तशा. नोव्हेंबरमध्ये हॉलचं हीटिंग सुरू झालं आणि कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना माझ्या 'ई' तारेचे केसासारखे तंतू सुटले. जादा तार पेटीत होती म्हणून वाचलो, पण नवी तार सतत उतरत राहिली. हनुवटीचा टेकू नसतो, त्यामुळे पहिला महिनाभर डावा हात वर-खाली नेताना व्हायोलिन निसटतंय असं वाटतं. गज हलका, त्याचा स्वर आपोआप विरतो. ऑर्केस्ट्रातल्यासारखा लांब ओढायला गेलात तर घशात अडकल्यासारखा येतो. वाद्य विकत मात्र घेऊ नका, आधी विभागाकडे विचारा. अनेक ठिकाणी बरोक गज तरी उसना मिळतो.

माझं मत: पहिलं वर्ष ऑर्केस्ट्रा करा. तिथे वाचन पक्कं होतं, ओळखी होतात. दुसऱ्या वर्षी, व्यावसायिक ऑडिशनचा विचार नसेल, तर बरोककडे या. नुसतं बघायला यायचं असेल तर तालमीच्या अर्धा तास आधी या. हार्पसिकॉर्ड तेव्हा लावत असतात. जवळ खुर्ची ओढून सा-ग एकत्र वाजतील तेव्हा ऐका.