शाळा हप्त्यावर घेताना: पीपीपी कराराचं परीक्षण

बडोद्यात पीपीपी, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारी, म्हटलं की आधी हरणीचा तलाव आठवतो. १८ जानेवारी २०२४ ला तिथे बोट उलटली आणि सहलीची १२ मुलं व २ शिक्षिका गेल्या. तलाव कॉर्पोरेशनचा, चालवायला दिलेला खासगी ठेकेदाराकडे. त्यामुळे जुनी हायस्कुलं पाडून याच पद्धतीने नवी बांधायची म्हटल्यावर पालक बिचकले तर त्यांचं काहीच चुकत नाही. तरीही हा माल न पारखता परत पाठवण्यासारखा नाही, कारण त्यातली एक गोष्ट खरोखर चांगली आहे.

ती म्हणजे देखभाल. नेहमीच्या टेंडरात ठेकेदार इमारत बांधतो, हमीची मुदत संपली की हात झटकतो. पुढे मोटर जळली, गच्ची गळली की मुख्याध्यापकांनी अर्ज करत बसायचं. इथे बांधणाराच २५-३० वर्षं इमारत सांभाळतो आणि कॉर्पोरेशनचा हप्ता सुरू होतो तो वर्ग वापरायला मिळाल्यावर. ग्लासगो शहराने २००० साली एकाच करारात २९ माध्यमिक शाळांच्या इमारती अशा ३० वर्षांसाठी सोपवल्या. शिकवणं, प्रवेश, परीक्षा सरकारकडे. भिंती, नळ आणि दिवे ठेकेदाराकडे.

हप्त्यातून कपात हा या कराराचा कणा. प्रत्येक खोलीला वजन ठरलेलं असतं. प्रयोगशाळा बंद राहिली तर साध्या वर्गापेक्षा जास्त कापतात. पण खोली ‘उपलब्ध’ आहे म्हणजे काय, हे आकड्यांत लिहिलेलं हवं: वर्गात किती पंखे फिरले पाहिजेत, तिसऱ्या मजल्याच्या नळाला मधल्या सुट्टीत मिनिटाला किती लिटर पाणी यायला हवं. ‘पुरेसं पाणी’ एवढंच लिहिलंत की एक रुपयासुद्धा कापता येणार नाही. दुसरी मेख हेल्पडेस्कची. तक्रारीचं घड्याळ नोंदीपासून चालू होतं आणि नोंद ठेवतो ठेकेदारच. शिपायाने जिन्यात तोंडी सांगितलेलं कुठेच चढत नाही. शाळेने वेळ टाकून स्वतःचं रजिस्टर ठेवावं आणि दोन्ही जुळल्याशिवाय बिल पास करू नये.

आता मुख्य दोष. एडिनबर्गमध्ये २९ जानेवारी २०१६ ला पहाटेच्या वादळात याच पद्धतीने बांधलेल्या ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेची सुमारे ९ टन वजनाची बाहेरची भिंत कोसळली. मुलं यायची होती म्हणून निभावलं. भिंत दुहेरी, मध्ये पोकळी, आणि दोन्ही थर धरून ठेवायला पोलादी वॉल टाय. टाय दोन्हीकडच्या विटांमधल्या सिमेंटच्या सांध्यात किमान ५० मिमी रुतायला हवा. इथे पोकळी ठिकठिकाणी कमी-जास्त रुंद झाली होती, त्यामुळे कित्येक टाय बाहेरच्या थरात पुरेसे पोचलेच नव्हते. एप्रिलमध्ये त्याच करारातल्या १७ शाळा बंद कराव्या लागल्या, त्यांत ५ माध्यमिक. फेब्रुवारी २०१७ च्या चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते देखरेखीवर: बांधणाऱ्याने स्वतःचीच तपासणी करायची आणि तिथल्या कौन्सिलने कागद पाहायचे. पोकळी एकदा बंद झाली की टाय कोणाला दिसतो?

आपल्याकडे अशी दुहेरी भिंत क्वचितच. आपला ‘टाय’ म्हणजे कॉलम आणि ब्लॉकच्या भिंतीचा सांधा. त्यावर जाळी मारली का, तुळईखालची फट भिंत बसल्यावर भरली की त्याच दिवशी, कॉलमला ४० मिमीचे कव्हर ब्लॉक लावलेत की खडीचे तुकडे, हे सगळं प्लास्टर झाल्यावर झाकलं जातं. म्हणून कॉर्पोरेशनच्या पगारावरचा इंजिनिअर साइटवर रोज हवा आणि त्याच्या सहीशिवाय स्लॅब ओतायचा नाही. हा पगार वाचवणं म्हणजे सगळी बचत पाण्यात.

पाण्यावरून आठवलं. विश्वामित्री नदी २०१९ मध्ये आणि २०२४ मध्ये शहरात शिरली, म्हणून बडोद्याचा पूर ‘अनपेक्षित आपत्ती’च्या कलमात बसू देऊ नका; नाहीतर दर वेळी पंपाचं बिल तुमच्या नावावर. जोतं २०२४ च्या पाणखुणेच्या वर, विजेचं पॅनेल आणि पंपाचे स्टार्टर पहिल्या मजल्यावर. (आवारात मगर आली तर हेल्पडेस्क की वनखातं, हेही लिहून ठेवलेलं बरं. बडोद्यात हा विनोद नाही.)

पैसा. केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये व्यवहार्यता तूट निधीत (एरवी न परवडणाऱ्या पीपीपी प्रकल्पाला सरकारची भांडवली मदत) शिक्षणासारख्या क्षेत्रांसाठी दोन प्रकार आणले; मंजुरी २०२४-२५ पर्यंतची होती. पहिल्या प्रकारात केंद्र ३० टक्के आणि राज्य ३० टक्के भांडवल देऊ शकत होतं, पण चालवण्याचा सगळा खर्च वसूल व्हायला हवा होता. प्रायोगिक प्रकारात दोघं मिळून ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकत होते, तरी चालवण्याचा निम्मा खर्च निघावा लागत होता. ज्या हायस्कुलात फी नाही तिथे वसुली कोणाकडून? म्हणजे फिरून हप्ता कॉर्पोरेशनच्याच तिजोरीतून.

आणि हप्ता पट पाहत नाही. लिव्हरपूलची पार्कलँड्स शाळा २०१४ मध्ये बंद झाली, तरी कौन्सिल वर्षाला सुमारे ४० लाख पौंड भरत राहिली. मांडवी-रावपुऱ्याकडच्या मराठी माध्यमाच्या शाळेचा असा करार करायचा तर पट घटल्यावर मजला परत देण्याचं, दुसऱ्या माध्यमाला देण्याचं कलम आधीच घाला. मागाहून केलेल्या प्रत्येक बदलाचा दर ठेकेदार सांगेल तो.

आमचा कौल: इमारतीला पाचपैकी चार तारे, कराराच्या नेहमीच्या मसुद्याला दोन. सुपूर्दीचं कलम तर बहुतेक मसुद्यांत दोन ओळींत उरकलेलं असतं. मुदत संपण्याच्या पाच वर्षं आधी गच्ची, वायरिंग आणि ड्रेनेजची त्रयस्थ पाहणी करून घ्या आणि दुरुस्तीची रक्कम शेवटच्या हप्त्यांतून रोखून धरा. इमारत ताब्यात आल्यावर ठेकेदाराचा फोन लागत नाही.