राखेची पेटी की देहाची माती : वॉशिंग्टन राज्यात अंत्यविधी निवडताना

माझ्या अंत्यविधीचे कागद मी गेल्या वर्षी करून ठेवले. सिएटलच्या पूर्वेकडील उपनगरांत आमच्या पिढीची पुष्कळ मराठी घरे आता साठीच्या पुढे सरकली आहेत. मित्रमंडळींत मृत्युपत्राचा विषय निघाला की हल्ली त्याच्या पाठोपाठ हाही प्रश्न येतो, की नेहमीसारखे दहन करावे की देहाची माती होऊ द्यावी, म्हणजे पुरण्याऐवजी बंद पात्रात लाकडाच्या चिपाट्यांत आणि पेंढ्यात देह मुरवून त्याची माती करावी. त्यात काय असते हे बहुतेकांनी वाचलेले असते. कोणता मार्ग कोणाला मानवेल, एवढेच त्यांना विचारायचे असते. म्हणून दोन्ही बाजू मला दिसल्या तशा मांडतो. माझा कल कुठे आहे ते लपणारे नाही, तेव्हा लपवत बसत नाही.

अमेरिकेत मातीचा हा मार्ग सर्वांत आधी वॉशिंग्टन राज्याने खुला केला. २०१९ च्या मे महिन्यात गव्हर्नर जे इन्स्ली यांनी विधेयकावर सही केली आणि १ मे २०२० पासून कायदा लागू झाला. कायद्यात याचे नाव ‘नॅचरल ऑरगॅनिक रिडक्शन’ असे आहे. सही होण्याआधी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ लिन कार्पेंटर-बॉग्ज यांच्या देखरेखीखाली सहा देहदात्यांच्या देहांवर चाचणी झाली होती. मूळ कल्पना कॅट्रिना स्पेड यांची. शेतावर मेलेली जनावरे लाकडाच्या चिपाट्यांत मुरवून त्यांची माती करण्याची पद्धत इकडे जुनी आहे, आणि वास्तुकलेच्या विद्यार्थिनी असताना त्यांनी तीच माणसाच्या बाबतीत विचारात घेतली. त्यांच्या ‘रीकम्पोज’ या संस्थेचे काम २०२० च्या डिसेंबरात सुरू झाले. नंतर कोलोरॅडो, ऑरेगन, व्हर्मॉन्ट, न्यूयॉर्क अशी डझनभराहून अधिक राज्ये या वाटेने गेली. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला खरा, पण तो लागू करण्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवले. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातील, माझ्या मित्रांना सल्ला देताना मी ‘तुमच्या राज्यातली स्थिती आधी पाहा’ असे म्हणतो.

खर्चाचे लवकर उरकतो. सिएटल परिसरात साधे दहन, म्हणजे कोणताही समारंभ न करता नुसते दहन, हजार-दोन हजार डॉलरपासून होऊ शकते. मातीच्या मार्गाला मी चौकशी केली तेव्हा सात हजारांच्या आसपास आकडा ऐकला. मात्र आपल्यापैकी बहुतेक जण दहनाआधी अंत्यदर्शन, गुरुजी, दोन-तीन तासांसाठी सभागृह असे सगळे करतात, आणि मग दहनाचे बिलही त्याच्या जवळपास पोहोचते. वडिलांच्या वेळी आमचे पोहोचले होते. पैशांवरून निवड करायची असेल तर साधे दहन निर्विवाद स्वस्त आहे. पण साधे दहन फार थोड्या घरांना साधते.

पर्यावरणाचा मुद्दा जाहिरातींत सर्वांत पुढे असतो. दहनाऐवजी हा मार्ग घेतल्यास एका देहामागे सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, असा संबंधित संस्थांचा दावा आहे. वायूवर चालणारी भट्टी दोन-तीन तास आठशे-नऊशे अंश सेल्सिअसवर ठेवायची, हे काही फुकटात होत नाही, एवढे कोणालाही पटेल. तरीही खरे सांगायचे तर या एका कारणासाठी मी निर्णय बदलला नसता. दर दोन वर्षांनी विमानाने भारतात जाणाऱ्या माणसाने शेवटच्या टनाचा हिशेब मांडणे मला थोडे हास्यास्पद वाटते.

विधींच्या बाजूने मात्र दोन्हींची तुलना सावकाश करावी लागते. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला पिंड आणि कावळा, तेराव्याला गोडाचे जेवण, अशी दिवसांची घट्ट वीण आहे. मातीच्या मार्गात पहिले पाच ते सात आठवडे देह बंद पात्रात, लाकडाच्या चिपाट्या, अल्फाल्फा (लसूणघास) आणि गव्हाचा पेंढा यांच्या थरांत असतो. तिथे सूक्ष्मजीवांच्या कामाने उष्णता इतकी वाढते की सलग तीन दिवस पंचावन्न अंश सेल्सिअसच्या वर ठेवण्याची अट पाळली जाते. नंतर काही आठवडे माती मुरायला ठेवतात. म्हणजे हातात काही येईपर्यंत दोन-अडीच महिने सहज जातात. ज्या घरात दहाव्याच्या आत अस्थिविसर्जन व्हायलाच हवे, त्या घराने हा मार्ग घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

पण इथल्या दहनातही ती वीण टिकते असे नाही. वडील शुक्रवारी गेले. दाखले, परवाने आणि भट्टीची वेळ जमून दहन पुढच्या बुधवारी झाले आणि पेटी नवव्या दिवशी हाती आली. सावडणे म्हणून काही झालेच नाही. मुखाग्नीच्या जागी एका खोलीत भिंतीवरचे हिरवे बटण होते. कर्मचारी अतिशय सभ्य होता. ‘तयार असाल तेव्हा’ म्हणाला आणि दोन पावले मागे सरकला. मी ते बटण दाबले. काही आवाज झाला नाही, काही दिसले नाही, आणि बाहेर आल्यावर धाकट्या भावाने विचारले, ‘झालं?’ त्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून नीट देता आलेले नाही.

त्या तुलनेत, एका परिचितांच्या पत्नीला मातीसाठी ठेवताना मी हजर होतो. सुती कापडात गुंडाळलेला देह पेंढ्यावर ठेवलेला होता आणि आम्ही एकेकाने पुढे होऊन ओंजळीने चिपाट्या, पेंढा आणि फुले त्यावर घातली. त्यांच्या मुलाने आईच्या परसातली कढीपत्त्याची डहाळी आणली होती. ती कुंडी सिएटलच्या हिवाळ्यात घरात आत-बाहेर करून तिने बारा वर्षे जगवली होती. मूठमाती देणे हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर वापरला, त्या दिवशी हाताला पेंढ्याचा वास घेऊन घरी आलो. हा अनुभव एकच आहे, तो मोजमाप नव्हे, हे मान्य.

आता ज्या एका कटकटीने माझा निर्णय झाला ती सांगतो. कटकट राखेची.

वडील २०२० च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांची इच्छा एकच होती, अस्थी नाशिकला रामकुंडात सोडायच्या. भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा तेव्हा बंद होती, विशेष विमानांत जागा मिळणे कठीण होते, आणि आईला एकटीला सोडून जाता येत नव्हते. पेटी काळ्या प्लास्टिकची होती, साधारण पावाच्या लादीएवढी, वर पांढऱ्या चिठ्ठीवर वडिलांचे नाव आणि एक क्रमांक. सामानाच्या काट्यावर ती मी एकदा लावली, दोन किलो सहाशे भरली. कुठे ठेवायची हे कोणालाच ठरवता येईना. देवघरात ठेवायची नाही म्हणून आई ठाम होती, दिवाणखान्यात ती नजरेसमोर राहायची, आणि गॅरेजमध्ये ठेवायला मन धजेना. शेवटी ती पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात, आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी गेली. त्या दिवाळीत कंदील काढायला गेलेली माझी मुलगी रिकाम्या हाताने परत आली आणि आम्ही कंदील लावलाच नाही. दुसऱ्या दिवाळीच्या तोंडावर, चौदा महिन्यांनी, मला जाता आले. तोवर रोज रात्री आई झोपण्याआधी त्या कपाटाचे दार लागले आहे की नाही ते बघून यायची.

प्रवासाचे कागदही कमी नव्हते. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, आणि तेव्हा सिएटलला भारताची वकिलात नसल्याने सॅन फ्रान्सिस्कोशी पत्रव्यवहार करावा लागला. धातूचा कलश क्ष-किरणांतून आरपार दिसत नाही, म्हणून विमानतळावर अडतो. त्यामुळे आईने हौसेने मागवलेला तांब्याचा कलश घरीच राहिला आणि वडील त्याच काळ्या पेटीतून, माझ्या पाठपिशवीत, पायांशी ठेवून गेले. यात कोणाचा दोष नव्हता. प्रत्येकाने आपापले काम नीट केले. तरी दहनाने देह संपतो, पण राखेचे काम शिल्लक राहते. तिला कुठेतरी पोहोचवावे लागते, आणि पोहोचवणारा माणूस लागतो. माझ्या मुलीचा जन्म इथला आहे, नाशिकला तिचे कोणी राहिलेले नाही. तिच्या कपाटात मला जायचे नाही.

राख इथेच पाण्यात सोडता येते, सिएटलजवळच्या प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीत तशी मुभा आहे, असे यावर कोणी म्हणेल. पुष्कळ जण तसे करतात आणि ज्यांना ते पटते त्यांच्यासाठी माझी तक्रार उरतच नाही. झाडाखाली घालण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. राख क्षारयुक्त असते, झाडाला ती मानवत नाही. वडिलांच्या अस्थींतली चिमूटभर आईने गुलाबाच्या मुळाशी घातली होती, आणि गुलाबाने पुढच्या उन्हाळ्यात डोके वर काढले नाही. कदाचित थंडीनेही गेला असेल.

बाकीच्या पर्यायांनी ही कटकट सुटत नाही, म्हणून त्यांच्याकडे मी फार वेळ पाहिले नाही. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी निवडल्यामुळे ठाऊक झालेली पाण्यातील विघटनाची पद्धत इथे २०१९ च्या त्याच कायद्याने मान्य झाली आहे. पण तिच्या शेवटीही पांढरी भुकटी आणि पेटी आहेच. रसायने न वापरता जंगलात पुरण्याची सोय गोल्डनडेलजवळ आहे आणि ती जागा सुंदर आहे. परंतु ती घरापासून काही तासांवर आहे, आणि एकदा खूण केलेली जागा झाली की तिथे जाण्याचे ओझे आलेच.

मातीच्या मार्गाचीही अडचण आहे, आणि ती राखेच्या उलट आहे. तिथे हाती येते ती जवळजवळ एक घनयार्ड माती, म्हणजे छोट्या ट्रकची मागची बाजू भरेल एवढी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तिचे काय करायचे? बहुतेक कुटुंबे थोडी माती घरी नेतात आणि उरलेली जंगल-पुनरुज्जीवनासाठी देऊन टाकतात. दक्षिण वॉशिंग्टनमधील बेल्स माउंटनच्या वनाला अशी माती गेली आहे. ती देऊन टाकली की काम संपते, त्यासाठी पासपोर्ट लागत नाही. हाडांबद्दल विचारणारे विचारतातच, म्हणून सांगतो, की मधल्या टप्प्यावर ती यंत्राने बारीक करून पुन्हा मातीत मिसळतात. दहनानंतरही ती यंत्रानेच बारीक केलेली असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. प्रायॉन (सदोष प्रथिनांमुळे होणारे मेंदूचे आजार) किंवा इबोलासारखे आजार असल्यास हा मार्ग बंद असतो.

राहता राहिला शब्दाचा प्रश्न. सिन्नरच्या आत्यांना मी फोनवर सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, ‘अरे, दादाची राख गोदेत गेली आणि तुझं खत करणार का?’ मी म्हटले, ‘आत्या, गावात कोणी गेलं की तुम्ही सगळ्या मातीला जाता असंच म्हणता ना?’ त्यावर त्यांनी ताडकन उत्तर दिले, ‘म्हणतो माती, पण जाळतो ना!’ त्यांचे बरोबर होते. शेजारच्या लिंगायत कुटुंबात पुरतात आणि संन्याशाला समाधी देतात, ही आठवण मी करून दिली. ‘तू संन्यासी कधी झालास?’ एवढेच ऐकायला मिळाले. ज्यांच्या घरी अशा आत्या निर्णयाच्या वेळी शेजारच्या खोलीत असणार आहेत, त्यांनी हे संभाषण आधी करून घ्यावे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात कॅथलिक बिशपांनीही कायद्याला विरोध केला होता, तेव्हा खत या शब्दाची शिसारी आपल्याच घरात आहे असे समजू नये.

वॉशिंग्टनमध्ये साक्षीदारासमोर सही केलेला कागद असेल तर तुमच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी करायला तो कायद्याने पुरेसा असतो. म्हणून सही मात्र वेळेत करावी, आणि मृत्यू भारतात आला तर हा आग्रह सोडून द्यावा, असे त्याच कागदात लिहून ठेवावे. मी तसे लिहिले आहे. घरी न्यायच्या मातीच्या रकान्यात मी एका कुंडीपुरती असे लिहिले, बाकी वनाला.

पत्नीने तोच अर्ज शेवटपर्यंत वाचला, घडी घालून माझ्याकडे दिला आणि स्वतःसाठी दहन निवडले. तिला नाशिकलाच जायचे आहे. मी मागे राहिलो तर ती पेटी माझ्या कपाटात येईल, आणि तिच्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी मी आताच करून ठेवली आहे.