एनबीए ड्राफ्ट की कॉलेजचं आणखी एक वर्ष?

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम एप्रिलच्या सुरुवातीला संपतो आणि चांगल्या खेळाडूंच्या घरी एकाच विषयावर खल सुरू होतो: शिक्षण मध्येच सोडून एनबीए ड्राफ्टला (या व्यावसायिक लीगचे संघ दोन फेऱ्यांत पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या निवडीला) नाव द्यायचं, की अजून एक वर्ष कॉलेजकडून खेळायचं? 2006च्या ड्राफ्टपासून शाळेतून थेट एनबीएत जाता येत नाही. त्यामुळे बहुतेकांपुढे हा प्रश्न कॉलेजचं पहिलं वर्ष संपता संपताच येतो.

कूपर फ्लॅगसारख्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. ड्यूक विद्यापीठात एक वर्ष खेळून तो 2025च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर डॅलसकडे गेला. ओढाताण होते ती अंदाजे विसाव्या ते पन्नासाव्या क्रमांकाच्या दरम्यान नाव घेतलं जाणाऱ्यांची.

कारण तिसाव्या क्रमांकावर एक रेघ आहे. पहिल्या फेरीतल्या 30 जणांचा पगार ठरलेल्या श्रेणीनुसार मिळतो. पहिल्या दोन वर्षांच्या पैशांची हमी असते, तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. अगदी तिसाव्या खेळाडूलाही पहिल्या वर्षी 20 लाख डॉलरहून जास्त मिळतात. एकतिसाव्यापासून ही हमी जाते. काहींना चांगला करार मिळतो, अनेकांच्या वाट्याला ‘टू-वे’ करार येतो, म्हणजे एनबीए संघ आणि त्याचा दुय्यम लीगमधला संघ, दोन्हीकडे खेळायचं. 2025-26 साठी त्याचा पगार सुमारे 6 लाख 36 हजार डॉलर. तोही हुकला तर नुसती ती दुय्यम लीग, म्हणजे जी लीग, जिथे हंगामाचे 45 हजारांच्या आसपास मिळतात.

कॉलेजात थांबण्याच्या बाजूला पूर्वी शिष्यवृत्ती आणि पदवी एवढंच होतं. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. 2025-26 पासून तर कॉलेज थेट पैसे देऊ शकतं. सगळ्या खेळांसाठी मिळून एका संस्थेची मर्यादा त्या पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. परिणाम आकड्यांत दिसतो: 2021ला वेळेआधीच ड्राफ्टला नाव देणारे 353 होते, 2025ला 106. म्हणूनच ‘घरची परिस्थिती बेताची आहे, जायलाच हवं’ हे एकेकाळचं बिनतोड कारण मोठ्या कॉलेजांतल्या नावाजलेल्या खेळाडूंपुरतं आता तितकं लागू नाही. परदेशी खेळाडूंचं मात्र वेगळं. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत राहून अशी कमाई करणं अवघड. तिकडे शिकायला गेलेल्या मराठी मुलांना या व्हिसाचे काच वेगळे सांगायला नकोत.

पैशांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की जास्तीच्या वर्षात खेळाडूमध्ये नेमकं काय बदलणार. ऑस्कर शिब्वे आणि झॅक ईडी, दोघेही परदेशातून आलेले, दोघेही बास्केटखाली खेळणारे, दोघेही देशातले सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरून परत कॉलेजात आलेले. शिब्वे 2022ला केंटकीत थांबला आणि 2023च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नावच पुकारलं गेलं नाही. एनबीएच्या इंडियाना संघाशी टू-वे करारावर भागवावं लागलं. ईडीने 2023ला नाव मागे घेतलं, आपल्या पर्ड्यू विद्यापीठाला 2024च्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, पुन्हा सर्वोत्तम ठरला आणि नवव्या क्रमांकावर मेम्फिसने त्याला घेतलं. सात फूट चार इंचांचा माणूस इतकी मिनिटं दमाने खेळू शकतो, हे त्या वर्षात दिसलं. शिब्वेचे रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर मिळवलेले चेंडू) आधीही अफाट होते, नंतरही. पण बास्केटपासून दूर बचाव जमेल का, बाहेरून नेम लागेल का, हे संघांचे प्रश्न तसेच राहिले.

फ्लोरिडा विद्यापीठाचा वॉल्टर क्लेटन ज्युनियर 2024ला ड्राफ्टमधून मागे फिरला, 2025ला कॉलेज विजेतेपद मिळवून अठराव्या क्रमांकावर गेला. उलट उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयव्हन रॅबचं. 2016ला वरच्या क्रमांकांत त्याचा अंदाज होता. तो थांबला आणि 2017ला पस्तिसावा आला.

लवकर जाण्याचा एक फायदा सहज नजरेआड होतो. चार वर्षांचा पहिला करार जितक्या लवकर सुरू होईल, तितक्या लवकर दुसरा येतो, आणि खरा मोठा पैसा त्या दुसऱ्या करारात असतो. एकोणिसाव्या वर्षी गेलेला तेविसाव्या वर्षी तिथे पोचतो. शिवाय संघ एकोणीस वर्षांच्या मुलात पुढची वाढ पाहतात. बाविशीतल्याकडून तयार खेळ मागतात.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या फेरीचा भरवसा असेल तर जावं, पदवी नंतरही घेता येते. दुसऱ्या फेरीचा अंदाज असेल आणि कॉलेज टू-वेपेक्षा जास्त देत असेल तर थांबावं, पण कोणती उणीव भरून काढायची ते आधी ठरवून.

नुसतं नाव दिल्याने परतीची वाट बंद होत नाही. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने मान्यता दिलेला एजंट नेमून मे महिन्यात शिकागोच्या कम्बाइनला (सगळ्या संघांसमोरच्या एकत्र चाचणीला) जाता येतं, संघांकडे चाचण्या देता येतात आणि मुदतीत नाव मागे घेता येतं. या दिवसांत ‘तू आवडलास’ असं सगळेच म्हणतात. विचारायचं ते हे: तिसाच्या आत तुमची पाळी आली आणि मी शिल्लक असलो, तर घ्याल का?