फिशटँकला आरओ की नळाचं पाणी?
गप्पी, मॉली किंवा आफ्रिकन सिक्लिड पाळणार असाल तर आरओच्या वाटेला जाऊच नका. त्यांना क्षारांचं पाणीच मानवतं. उलट क्रिस्टल रेड श्रिम्प किंवा रानातून आणलेले डिस्कस डोक्यात असतील, तर आरओवाचून फारसं जमत नाही. घोळ होतो तो मधल्यांचा: टेट्रा, एंजल, थोडी झाडं आणि नळाला येणारं पाणी जरा जड. मी याच गटातला. दोन्ही तऱ्हा वापरून झाल्या आहेत.

आरओचं पाणी कोरं. ऋतू बदलला, नळाचं पाणी बदललं, तरी आपल्याला फरक पडत नाही. काचेवर पांढरी रेघही धरत नाही. पण या पाण्यात केएच, म्हणजे पीएच टिकवून धरणारी क्षारता, जवळजवळ शून्य. टाकीतले जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना असलेली क्षारताही खात जातात, मग पीएच अचानक घसरू शकतो. म्हणून काढून टाकलेले क्षार पुन्हा मोजून घालायचे. बादलीभर पाण्यामागे दोन-तीन बादल्या वाया जातात, तो हिशेब वेगळाच.

मला नडलं ते हे मोजणं. आदल्या रात्री ड्रम भरायला लावा. मेम्ब्रेनमधून धार बारीकच येते, थंडीत आणखी बारीक. सकाळी पावडर घाला, ढवळा, विरघळू द्या, मीटर बुडवा, कमी भरलं तर पुन्हा चिमूटभर. एवढा सोपस्कार म्हटला की आजचं पाणी बदलणं हमखास पुढच्या सुट्टीवर जातं. माझे टेट्रा थोड्या जड पाण्यात मजेत असायचे, शिळ्या पाण्यात मात्र त्यांचा रंग उतरायचा. तुमच्यात चिकाटी जास्त असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीन घातलं, तापमान जुळवलं, की ओतायला मोकळे. फक्त पुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते रात्रभर ठेवून उडत नाही. अमोनियाही बांधून ठेवणारं औषध बघून घ्या.

नळाच्या पाण्याची खरी खोड दिसते ती भर घालताना. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. वरून पुन्हा नळाचंच घालत गेलं की टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, चढत जातो. इथे मात्र आरओसारखं दुसरं काही नाही, आणि पावडरही लागत नाही. त्यामुळे माझ्याकडे आता बदलायला नळाचं आणि भर घालायला आरओचं, असं चालतं. नळाचा टीडीएस ४०० असेल तर बदलतानाही अर्धं-अर्धं मिसळा. साधारण २०० वर येतो, आणि केएच नळाच्या पाण्यातूनच मिळतो.

घरच्या पिण्याच्या आरओचंही पाणी चालेल, पण आधी मीटर लावून बघा. त्यात बऱ्याचदा मिनरलची कार्ट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलर असतो, आणि मग ते भर घालण्याइतकं कोरं उरत नाही.