कळसूबाईची बारीची वाट: शिड्या भक्कम, गर्दी त्याहून भक्कम

१६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर, आणि तिथवर जाणारी बारी गावची वाट 'सोपी' म्हणून प्रसिद्ध आहे. सोपी म्हणजे चुकायला फारसा वाव नाही, एवढंच. चढ पायथ्याच्या शेतांपासूनच सुरू होतो आणि मोकळं पठार फार थोडं मिळतं. सवय असलेल्यांना वर जायला तीन तास, नसलेल्यांना चार ते साडेचार.

या वाटेची खरी सोय म्हणजे कातळटप्प्यांवर बसवलेल्या लोखंडी शिड्या आणि कठडे. काम मजबूत आहे, पण रुंदी बेताचीच. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर येतात, मधेच कुणीतरी घाबरून थांबतं आणि मागची सगळी रांग अडकते. शनिवारी रात्री निघालेले मुंबई-पुण्याचे गट सूर्योदयासाठी शेवटच्या शिडीशी एकदम पोचतात, त्यामुळे रविवारची पहाट ही सर्वात वाईट वेळ. मधल्या वारी उजाडता उजाडता गाव सोडलंत तर हीच वाट एकदम वेगळी वाटते.

उतरताना तोंड शिडीकडे ठेवा. पायऱ्यांवर चिखल साचलेला असतो आणि पाठ शिडीकडे करून उतरणाऱ्याची टाच नेमकी त्यावरून घसरते. काठी घडीची असेल तर आधीच सॅकला बांधा. रात्री हातातली विजेरी निरुपयोगी, कपाळाला बांधायचीच हवी. मे-जूनचा वळीव किंवा ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट ऐकू आला तर शिडीला हात लावू नका. उघड्या धारेवरचं ते लोखंड आहे. नखं न कापता गेलात तर उतारावर अंगठे काळेनिळे होतात. नवे बूट तर नकोच.

पाणी माणशी तीन लिटर न्या. शेवटच्या शिडीखाली विहीर आहे, पण ते पाणी गाळून-उकळूनच प्यावं. वाटेवर गावकऱ्यांच्या टपऱ्यांवर लिंबू सरबत, ताक, काकडी, मॅगी मिळते, सुट्टीच्या दिवशी हमखास. बाटली वर वाहून आणलेली असते, तेव्हा दोन पैसे जास्त लागले तर घासाघीस करू नये. गावात पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवली तर उतरेपर्यंत गरम मिळते. खाऊ हातातल्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवू नका, माकडं ओढून नेतात.

माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ आणि भोवती जेमतेम जागा. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे रतनगड, पूर्वेला बितनगड, पट्टा, औंढा हे किल्ले. ऐन पावसात यातलं काहीही दिसत नाही, फक्त ढग आणि वारा. दृश्यासाठी जायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. नवरात्रात भाविकांची रीघ असते, तेव्हा निव्वळ ट्रेकसाठी जाऊ नये.

इगतपुरी तालुक्यातल्या इंदोरे गावाकडूनही वाट आहे. गर्दी नाही, पण चढ खडा आणि पावसाळ्यात निसरडा. वाटाड्याशिवाय तिकडे जाऊ नका.

गाडी नसेल तर कसारा किंवा इगतपुरीला उतरून घोटी गाठा. तिथून भंडारदरा-राजूरकडे जाणारी एसटी किंवा जीप बारीला सोडते. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे चढायच्या आधीच फाट्यावर विचारून घ्या.