पेटंट दाबून ठेवलंय: सक्तीचा परवाना की स्पर्धा आयोग?
भोसरीतला माझा उद्योजक मित्र अडलाय. मोठी कंपनी पेटंट घेऊन बसलीय. ना स्वतः माल काढते, ना परवाना देते. त्याच्यापुढे दोन वाटा: सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारक तयार नसला तरी सरकारी पेटंट कार्यालयाकडून मिळणारी माल काढायची परवानगी; किंवा स्पर्धा आयोग, म्हणजे बाजारातल्या वर्चस्वाच्या गैरवापराच्या तक्रारी ऐकणारी सरकारी संस्था.

वेळ: सक्तीच्या परवान्याआधी पेटंटला 3 वर्षं व्हावी लागतात. आयोगाकडे ही अट नाही, पण गूगलविरुद्धच्या 2018च्या तक्रारीचा निकाल 2022मध्ये आला.

पुरावा: पेटंट कायद्यात ‘भारतात वापर नाही’ हे कारण चालतं; आधी लेखी परवाना मागा. आयोगापुढे बाजारातलं वर्चस्व आणि गैरवापर दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. छोट्या कारखानदाराला हे फार जड. त्यात 2023मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याच्या अटींबाबत स्पर्धा कायद्यापेक्षा पेटंट कायदाच वरचढ ठरवला.

हाती काय: 2012मध्ये नॅटको या भारतीय औषध कंपनीला जर्मनीच्या बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधाचा सक्तीचा परवाना मिळाला. आयोगाने ठोठावलेला दंड मात्र सरकारजमा होतो, तक्रारदाराला मिळत नाही.

स्वतः माल काढायचाय? परवाना. कंपनी तुमची गिऱ्हाइकं अडवतेय? आयोग.