बोल्टचे आटे गेले: टॅप, मोठा बोल्ट, हेलिकॉइल की नवा पार्ट?

ब्रेकचं काम काढलं की लायनर, बुश, सील यांचा खर्च मालकानं आधीच धरलेला असतो. आट्यांचा कुणी धरत नाही. गाडी घोडीवर, चाक बाजूला, उसाच्या खेपेसाठी फोनवर फोन, आणि मिस्त्री म्हणतो, "मालक, बोल्ट नुसताच फिरायलाय." मग गॅरेजातला प्रत्येक जण आपापला उपाय सांगतो.

आधी गेलं काय ते बघा. बोल्ट बाहेर काढा. त्याच्या आट्यांत स्प्रिंगसारखी लोखंडाची वेटोळी अडकलेली असतील तर भोकातले आटे उपटून आलेत. भोक स्वच्छ आणि बोल्टच झिजलेला असेल तर त्याच ग्रेडचा नवा बोल्ट टाका, विषय संपला. ग्रेड म्हणजे मजबुतीचा आकडा, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा कोरलेला असतो. १०.९ च्या जागी ८.८ देणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढं जायचं.

दुसरं, बोल्ट कुठला? डस्ट कव्हरचा असेल तर फार डोकं लावू नका. पिकअपच्या पुढच्या डिस्कला कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट नकलवर (पुढचं चाक धरणाऱ्या सांध्यावर) धरणारा असेल तर ब्रेकचा सगळा जोर तिथंच येतो. मोठ्या ट्रकच्या मागच्या हबमधले एक्सलचे स्टड (हबमध्ये रोवलेले, डोकं नसलेले बोल्ट) तिसऱ्या प्रकारचे. इंजिनाचा जोर चाकाला त्यांच्यातूनच पोचतो, आणि ते ढिले पडले की फ्लँजमधून ऑइल गळतं.

टॅप म्हणजे भोकात आटे कापायचं हत्यार. ते मारणं सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळे आधी तेच करतात. गंज किंवा फडातली काळी माती आट्यांत घट्ट बसली असेल, नाहीतर तोंडाचे एक-दोन आटे वाकडे लागले असतील, तर टॅप बरोबर आहे. तेल घालून अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. पण गेलेलं लोखंड टॅप परत आणत नाही. टॅप मारल्यावर बोल्ट हातानं शेवटपर्यंत गेला आणि तरी डुगडुगला, तर त्या भोकात पकड उरलेली नाही. आणखी एक घोळ नेहमीचा: १४ मिलीमीटरचा बोल्ट १.५ पिचमध्येही (दोन आट्यांतलं अंतर) येतो आणि २ मध्येही. चुकीचा बोल्ट गननं (बोल्ट फिरवायच्या मशीननं) ठोकला की चांगले आटे दोन सेकंदांत जातात.

मोठा बोल्ट हा आपल्याकडचा लाडका उपाय. १४ चं भोक १६ चं करायचं. हबच्या जाड कडेला हे एखाद्या वेळी चालून जातं. कॅलिपरला मला पटत नाही. भोवतीची भिंत पातळ होते, ब्रॅकेटचं भोकही वाढवावं लागतं, शेजारचा बोल्ट १४ चाच राहतो आणि कंपनीनं दिलेला टॉर्क (आवळायचा ठरलेला जोर) निरुपयोगी ठरतो. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली की तिथला पोरगा १४ चाच बोल्ट घेऊन बसतो.

हेलिकॉइलला मी झुकतं माप देतो. ही स्टेनलेस तारेची गुंडाळी, आतून मूळ मापाचे आटे. १२×१.७५ च्या बोल्टला साधारण साडेबारा मिलीमीटरचं भोक पाडायचं, मग हेलिकॉइलचाच टॅप मारायचा (साधा टॅप चालत नाही), गुंडाळी पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवायची आणि आरपार भोक असेल तर तिचं शेपूट तोडायचं. बोल्ट तोच, टॉर्क तोच. गुंडाळी बाहेरून मोठी असल्यानं मूळ धातूत पकडही जास्त मिळते. सगळा प्रश्न भोक सरळ पडण्याचा. हातातल्या ड्रिलनं जरा तिरकं गेलं की कॅलिपर वाकडा बसतो आणि पॅड एका बाजूनं झिजतो. त्यामुळं नकल सोडून लेथवाल्याकडे न्या, उभ्या ड्रिल मशीनवर करून घ्या. वाळूज, जालन्यासारख्या कारखानदारीच्या भागात असा माणूस सापडायला अडचण नाही. मिस्त्री म्हणेल, गाडीवरच करतो. नको म्हणा.

आतून-बाहेरून आटे असलेली, जाड भिंतीची तयार स्लीव्ह वारंवार उघडल्या जाणाऱ्या स्टडला गुंडाळीपेक्षा बरी, पण भोक आणखी मोठं लागतं आणि ती सहज मिळत नाही. लेथवर साध्या लोखंडाची बुश वळवून चिकटवून देणारे असतात. कॅलिपरसाठी तो पर्याय मोजूच नका.

वेल्डिंगनं भोक भरून पुन्हा ड्रिल करू, असं कुणी म्हणालं तर आधी पार्ट कशाचा आहे ते विचारा. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतकामावर साधा रॉड मारला की कडेची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. टॅप तिथं मोडतो, आणि नाही मोडला तरी तडा आतून चालू झालेला असू शकतो. मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीनं उतरताना तो उघडायला नको.

तडा दिसला, भोक लांबट झालं, किंवा त्याच भोकात आधी कुणी काम केलेलं असलं, तर नवाच पार्ट. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये त्या जागी दुरुस्ती करू नका असं असेल तर हेलिकॉइलचाही हट्ट धरू नका. भंगारातून नकल घेत असाल तर दुकानातच प्रत्येक भोकात नवा बोल्ट हातानं पूर्ण फिरवून बघा, पैसे मग द्या.

काहीही केलं तरी शेवटचं आवळणं गननं नको, टॉर्क पान्ह्यानं. पहिली भरलेली खेप झाली की तोच पान्हा पुन्हा लावून बघायचा.